रोमान्स या शब्दाचा रोम शहराशी खरंच काही संबंध आहे का, की नुसतं उच्चारातलं साम्य?

संबंध आहे, आणि सरळ आहे. फक्त त्यात प्रेमबिम काही नव्हतं, ते फार उशिरा शिरलं. मुळात हा शब्द भाषेविषयीचा.

लॅटिनमधलं 'रोमानिके' म्हणजे रोमन लोकांच्या रीतीनं. साम्राज्य मोडल्यावरही पाद्री आणि पंडित लॅटिनच लिहीत राहिले, पण बाजारात आणि शेतावर बोलली जाणारी लॅटिन इतकी बदलत गेली की लोकांना चर्चमधलं प्रवचन कळेना. शेवटी ८१३ साली फ्रान्समधल्या तूर इथल्या धर्मसभेनं सांगितलं, प्रवचन 'गावठी रोमन' भाषेत किंवा जर्मन बोलीत करा. ही गावठी रोमन म्हणजेच पुढची रोमान्स.

तिचा सर्वांत जुना मोठा नमुना ८४२ सालचा आहे. फ्रँक लोकांचा सम्राट शार्लमेन याचे दोन नातू, लुई आणि चार्ल्स, थोरल्या भावाविरुद्ध एक झाले आणि स्ट्रासबुर्गला त्यांनी शपथ घेतली. समोरच्याच्या सैन्याला कळावी म्हणून जर्मन प्रदेशाच्या लुईनं ती रोमान्समध्ये घेतली आणि चार्ल्सनं जर्मनमध्ये. सुरुवात आहे 'प्रो देओ आमुर', म्हणजे देवाच्या प्रेमाखातर. प्रेम आलंच म्हणायचं, पण भावाचा काटा काढताना!

बाराव्या शतकात फ्रान्समध्ये ट्रॉय वगैरेंच्या लॅटिन कथा लोकभाषेत आणायची टूम निघाली. 'रोमान्समध्ये घालणं' म्हणजे लोकभाषेत उतरवणं. हळूहळू त्या भाषेतल्या गोष्टीलाच रोमान्स म्हणू लागले. गोष्टी कसल्या, तर सरदार, राक्षस, जादू, आणि मग राणीवरची भक्ती. क्रेतियां द त्र्वा या फ्रेंच कवीच्या काव्यात आर्थर राजाचा सरदार लान्सलॉट राणीच्या शोधात निघतो. गुन्हेगारांची धिंड काढायच्या गाड्यात बसायची वेळ येते, तेव्हा तो दोन पावलं कचरतो, मग चढतो. पुढे राणी त्याच्यावर रुसते ती त्या दोन पावलांवरून. आजच्या अर्थाचं बी मला इथे दिसतं.

फ्रेंच आणि जर्मनमध्ये 'रोमां', 'रोमान' म्हणजे आजही कुठलीही कादंबरी, खुनाची असली तरी. इंग्रजीत मात्र कादंबरीला वेगळा शब्द रुळला आणि रोमान्सकडे अद्भुत, कपोलकल्पित तेवढं उरलं. सतराव्या शतकात 'रोमँटिक' म्हणजे त्या जुन्या गोष्टींसारखं, अशक्य कोटीतलं. दोघांच्या प्रेमप्रकरणाला रोमान्स म्हणणं तर त्या मानानं अगदी अलीकडचं.

आपल्याकडे उलट झालं. सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या नायिकेचं नाव कादंबरी, आणि मराठीनं (कन्नडनंसुद्धा) ते अख्ख्या साहित्यप्रकाराला देऊन टाकलं. 'मुक्तामाला' (१८६१) सारख्या आपल्या सुरुवातीच्या कादंबऱ्यांना समीक्षक अद्भुतरम्य म्हणतात. रोमान्सचा मधला अर्थ नेमका तोच.

मूळ अर्थ भाषाशास्त्रात अजून जिवंत आहे. फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन, पोर्तुगीज या सगळ्या रोमान्स भाषा. पाव, बटाटा, चावी, पगार हे मराठीत आले ते पोर्तुगीजमधूनच.