जुन्या आल्टोत आधी काय बदलावं?

प्रश्न असा आहे: 2008 ची आल्टो, हाताशी 30 हजार रुपये. अलॉय व्हील, एलईडी हेडलाइट आणि फ्री-फ्लो (इंजिनाला जास्त हवा सोडणारा) एअर फिल्टर यांतलं आधी काय घ्यावं? गाडी घाटात गरम व्हायची, पण मेस्त्रीने थर्मोस्टॅट काढून टाकल्यामुळे 'आता चिंता नाही'.

त्या शेवटच्या वाक्यासाठी उत्तर लिहायला बसलो. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापल्यावरच रेडिएटरकडे पाणी सोडणारा व्हॉल्व्ह, गॅरेजच्या भाषेत 'वॉल'. तो काढण्यावरून गॅरेजवाल्यांशी मी किती वर्षं भांडतोय, आणि अजूनही गाड्या वॉल काढलेल्याच येतात.

नीट विचार करा. थर्मोस्टॅट साधारण 82 ते 88 अंशांना उघडायला लागतो, आकडा त्याच्या अंगावरच कोरलेला असतो. घाटात तापमानाचा काटा वर चढतो तेव्हा चांगला थर्मोस्टॅट आधीच पूर्ण उघडलेला असतो. उघडलेलं दार चौकटीतून उखडून टाकलं तर जास्त वारा कुठून येणार? तो बंद स्थितीत अडकला असेल तर गाडी नक्की गरम होईल, पण मग नवा घाला, काही शे रुपयांची वस्तू आहे. खात्री करायची तर पातेल्यात पाणी तापवा, थर्मोस्टॅट तळाला टेकू न देता दोऱ्याने टांगून सोडा, शेजारी थर्मामीटर धरा. कोरलेल्या आकड्याच्या आसपास उघडला नाही तर फेकून द्या.

काढून टाकल्यावर काय होतं ते मेस्त्री सांगत नाही. हायवेवर, त्यातही थंडीत, इंजिन तापायचं तेवढं तापतच नाही. सेन्सर ईसीएमला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, कळवतो की इंजिन थंड आहे, म्हणून ईसीएम पेट्रोल जास्त सोडतो. ॲव्हरेज पडतं, जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं आणि खाली ऑइलमध्ये मिसळतं. रिंगा झिजतात आणि वर्षा-दोन वर्षांनी तोच मेस्त्री 'इंजिन बांधायला आलंय' म्हणतो.

अशीच एक आल्टो आली होती, तेच 796 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकी चढली की काटा लाल रेघेला. थर्मोस्टॅट काढलेला, सिलिंडर हेड दोनदा फेस केलेलं (मशीनवर घासून सपाट केलेलं), आणि दोष जिथल्या तिथे. थंड इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडलं तर आत बोअरचं पाणी, चहाच्या रंगाचं. झाकणाचं रबर तडकलेलं. लोक झाकणाकडे बघतही नाहीत, पण 0.9 किलो दाबाचं झाकण तो दाब धरतं तेव्हाच आतलं पाणी 118 अंशांच्या आसपास उकळतं. रबर गेलं की 100 लाच उकळी, आणि घाटात तेवढ्या फरकावर हेड वाचतं किंवा जातं.

मग पंखा. इंजिन आयडलला ठेवलं, काटा मधल्या रेघेच्या वर गेला तरी पंखा ढिम्म. बॅटरीतून थेट वायर दिली तर फिरला, पण मरगळलेला: कार्बन ब्रश संपत आलेले आणि कनेक्टर वितळलेला. त्यानंतर पंख्याचा कनेक्टर काढून, इंजिन बंद करून रेडिएटरच्या जाळीवर हात फिरवला. खालचा कोपरा थंड, म्हणजे तिथल्या नळ्या क्षाराने बुजलेल्या. ॲल्युमिनियमच्या, प्लास्टिक टाकीच्या रेडिएटरला पितळीसारखं रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करत बसू नका, नवाच घ्या. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत धूळ आणि किडे यांचा थर बसला होता. ती जागा इंजिनाच्या बाजूने, कमी दाबाच्या पाण्याने धुवायची; प्रेशर वॉशर मारला की फिन्स (जाळीच्या पातळ पट्ट्या) आडव्या होतात.

हेड उतरवलं तेव्हा सरळ पट्टी आणि फिलर गेज (फट मोजायची पातळ पाती) लावून बघितलं. वाकण्याची मर्यादा 0.05 मिलिमीटर. त्याच्या आत असेल तर फेस करायचंच नाही, कारण प्रत्येक फेसिंगला हेड पातळ होतं आणि कॉम्प्रेशन वाढतं. आधीच्या दोन्ही वेळा कोणी मोजलं होतं असं दिसत नव्हतं. रेडिएटर, झाकण, पंख्याची मोटर, आणि हो, थर्मोस्टॅट, एवढं नवीन घातल्यावर तीच गाडी एसी लावून खंबाटकी चढली आणि काटा मधल्या रेघेच्या वर गेला नाही.

कूलंट भरताना डिस्टिल्ड पाणीच वापरा, मिश्रणात कूलंट 30 ते 50 टक्के. हीटरचा नॉब गरमवर ठेवायचा, झाकण उघडं ठेवून सावकाश भरायचं, आयडलला पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत थांबायचं आणि मधूनमधून वरचा होज दाबत राहायचं. हवा अडकली तर नव्या सामानातही गाडी गरम होते आणि मग दोष पुन्हा वॉलवर येतो.

आता तुमची यादी. फ्री-फ्लो फिल्टर नको. बॉनेटखालची गरम हवा ओढतो, आपल्या रस्त्यावरची बारीक धूळ कागदी फिल्टरइतकी अडवत नाही, आणि 800 सीसीला त्यातून जाणवेल असं काही मिळत नाही. पिकअप कमी वाटत असेल तर प्लग, थ्रॉटल बॉडीची सफाई, क्लच घसरतो का, आणि तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन बघा. सिलिंडरांच्या दाबात 1 किलोपेक्षा जास्त फरक असेल तर ॲक्सेसरीच्या दुकानात जाऊच नका.

एलईडीही नको. हॅलोजनसाठी बनवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी घातला की उजेड विखुरतो आणि समोरच्याचे डोळे दिपतात. दिवे मंद असण्याचं खरं कारण वायरिंग. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर आणि बल्बच्या पिनांवर व्होल्टेज मोजा. व्होल्टेज 10 टक्के पडलं की हॅलोजनचा उजेड जवळपास 30 टक्के कमी होतो. दोन रिले, बॅटरीजवळच फ्यूज, 2.5 स्क्वेअर मिलिमीटरची वायर आणि चांगलं अर्थिंग, एवढ्यावर साधा 60/55 वॅटचा एच4 हॅलोजन बल्ब लखलखीत लागतो. 100/90 वॅटचा बल्ब होल्डर वितळवतो.

अलॉय शेवटी, पैसे उरले तर. मूळ टायर 145/80 आर12. 13 इंची घेणार असाल तर 155/65 आर13 चा व्यास सुमारे 1 टक्काच कमी भरतो, स्पीडोमीटर फारसा चुकत नाही. पॉवर स्टिअरिंग नसेल तर रुंद टायर पार्किंगला हात भरून आणतात. त्याआधी लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, मागच्या ड्रममधले व्हील सिलिंडर आणि टायरवरचा चार अंकी कोड बघा: 2219 म्हणजे 2019 चा 22 वा आठवडा. आणि सगळ्यांत आधी टायमिंग बेल्ट कधी बदलला ते विचारून घ्या. नोंद नसेल तर बदलला नाही असंच धरा.

हे सगळं 800 सीसीच्या एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल सोडणाऱ्या) पेट्रोल आल्टोपुरतं. आल्टो के10 या मोठ्या इंजिनाच्या मॉडेलला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे. गाडी कोकणात किंवा गोव्यात वाढलेली असेल तर खर्चाआधी लिफ्टवर चढवून फ्लोअर, सिल आणि पुढच्या शॉकअपच्या वरची माउंटिंगची जागा टोचून बघा. तिथला पत्रा गंजून गेला असेल तर 30 हजार घालू नका.

आणि मेस्त्री म्हणेलच, 'आपल्या हवेत वॉल लागत नाही, तो थंड देशांसाठी.' आल्टो भारतात बनवली, भारतीय उन्हात विकली, एकेका रुपयाचा हिशेब करून. नको असता तर तो भाग पहिल्यांदा कंपनीनेच गाळला असता. त्याला हाउसिंग उघडून नवा थर्मोस्टॅट घालायला लावा, त्यावरचा छोटा जिगल व्हॉल्व्ह (हवा बाहेर सोडणारी हलती पिन) वरच्या बाजूला ठेवून. मग घाटात न्या. काटा चढला तर झाकण, पंखा, रेडिएटर आणि हेड या क्रमाने शोधा, वॉलला हात लावू देऊ नका.