गुहेतला मुक्काम आणि तुझी यादी

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतची यादी मिळाली. पंधरा जणांना घेऊन डिसेंबरात हरिश्चंद्रगडावर दोन रात्री राहायचे, त्यांतली एक गुहेत काढायची, आणि दिवसा केदारेश्वराची गुहा, तारामती शिखर, कोकणकडा पाहायचा, असा तुझा बेत आहे. ऋतू योग्य निवडलास. ऐन पावसाळ्यात केदारेश्वराच्या गुहेत जाणेच अवघड असते. पायथ्याच्या पाचनई गावाची वाटही नवख्यांना सोयीची आहे. नळीच्या वाटेचा विषय कोणी काढलाच तर तो तिथल्या तिथे मिटव; ती दोर आणि सराव मागणारी वाट आहे, आणि तुझ्या यादीतली निम्मी मंडळी अजून सिंहगडापलीकडे गेलेली नाहीत.

माझा आक्षेप आहे तो गुहेतल्या मुक्कामाला. जुने भटके गडावरच्या गुहांतच पथारी टाकत, हे मला ठाऊक आहे. त्यांच्यातले कित्येक माझे मित्र आहेत. पण तेव्हा शनिवारी रात्री गडावर एखाददुसरी टोळी असायची, आणि आता सुट्टीच्या दिवशी जत्रा भरते. एवढी माणसे गुहेत झोपू लागली, चहा-खिचडी शिजवू लागली आणि थंडी वाजते म्हणून लाकडे पेटवू लागली, तर कोरीव छताचे काय होते, ते तिथे गेल्यावर बॅटरी वर धरून पाहा. काजळीचा थर दिसेल. हा सारा परिसर १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो, आणि अभयारण्याला धोका पोचेल अशा रीतीने आग पेटवणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

धूर टाळण्याचे दुसरे कारण याहून गंभीर आहे. सह्याद्रीतल्या कड्यांना, लेण्यांच्या कपाळपट्टीला आणि मोठ्या गुहांच्या तोंडाशी आग्या मोहोळ लागते. उघड्यावर लोंबणारे ते काळसर, पसरट पोळे लांबून निर्जीव वाटते. पण नीट पाहिलेस तर त्यावर माश्यांचा जाड थर असतो, आणि काही जवळ आले की त्या थरावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक लाट सरकत जाते. ती लाट म्हणजे इशारा असतो. पोळ्याखाली धूर झाला, दगड लागला किंवा मोठा आवाज झाला, तर माश्या उठतात आणि बऱ्याच अंतरापर्यंत पाठलाग करतात. एक माशी चावली की तिच्या नांगीच्या वासाने बाकीच्या तिथेच येतात, म्हणून हात झाडायचे नाहीत. डोके-तोंड कापडाने झाकून लांब जायचे, मात्र कड्याच्या दिशेने नव्हे. ओळखीच्या वाटेवर पोळे असेल तर गावकऱ्यांना ते माहीत असते. वाटाड्याला पहिला प्रश्न तोच विचार. उग्र वासाचे अत्तर लावून कोणी येणार नाही, हेही आधीच सांगून ठेव.

वटवाघळांचे म्हणशील, तर ती माणसावर धावून येत नाहीत. उलट आपण त्यांच्या विश्रांतीत व्यत्यय आणतो. त्यांच्या विष्ठेच्या सुक्या थरात वाढणाऱ्या बुरशीचे सूक्ष्म बीजाणू धुळीबरोबर श्वासात गेले तर फुप्फुसाचा आजार होऊ शकतो. ज्या गुहेत तो थर पायाखाली लागेल तिथे जमीन उकरायची नाही, बसायचे नाही आणि झोपायचे तर मुळीच नाही.

मग राहायचे कुठे? पहिली रात्र पाचनईत एखाद्या घराच्या ओसरीवर काढा. पिठलं-भाकरी मिळेल, गावात चार पैसे राहतील, आणि जंगलाची जी माहिती रात्री त्या ओसरीवर ऐकायला मिळेल ती नकाशात नसते. दुसऱ्या रात्री गडावर राहायचे असेल तर वनविभागाच्या नाक्यावर विचारून, ते सांगतील तिथेच तंबू लावा. नियम बदलत असतात, मागच्या वर्षी चालले म्हणून यंदा चालेल असे समजू नकोस. ओसरीवर असो वा तंबूत, उघड्या जमिनीवर कोणी झोपू नये. मण्यार रात्री फिरते आणि तिचा दंश इतका कमी दुखतो की झोपलेल्या माणसाला पुष्कळदा कळतही नाही. पापण्या जड होऊ लागेपर्यंत मोलाचा वेळ गेलेला असतो. तेव्हा तंबूची चेन पूर्ण लावलेली हवी आणि मच्छरदाणी असेल तर ती अंथरुणाखाली खोचलेली हवी. सर्पदंशावरचे प्रतिविष जवळच्या कोणत्या सरकारी दवाखान्यात आहे, हे निघण्यापूर्वी फोन करून विचारून घे.

केदारेश्वराच्या गुहेत मधोमध मोठे शिवलिंग आहे आणि भोवती कमरेएवढे, भर उन्हाळ्यातही हाडे गोठवणारे पाणी. प्रदक्षिणा घालायची तर एका वेळी दोघांनी उतरावे आणि पोहता येणारा एक जण काठावर उभा राहावा, कारण तळ निसरडा आहे. हे सकाळी उशिरा, ऊन वर आल्यावर करा. डिसेंबरच्या संध्याकाळी ओल्या कपड्यांनी वाऱ्यात उभे राहिलेला माणूस तासाभरात कुडकुडू लागतो आणि सगळ्या गटाचे वेळापत्रक त्याच्यापायी कोलमडते. लिंगाभोवतीच्या चार खांबांपैकी एकच शाबूत आहे. चार खांब म्हणजे चार युगे आणि शेवटचा पडला की कलियुग संपणार, अशी कथा तुला तिथे ऐकायला मिळेल. त्या कथेची खातरजमा करायला खांबाला खांदा लावून पाहणारा एखादा वीर प्रत्येक टोळीत निघतो. तो तुमच्यातला नसावा.

पुढच्या वर्षी छत्तीसगडात कांगेर खोऱ्यातली कुटुमसर गुहा पाहायची इच्छाही तू व्यक्त केली आहेस. तिथे मात्र हा अनुभव अपुरा पडेल. गडावरची लेणी बेसॉल्टमध्ये माणसाने कोरलेली आहेत; ती उथळ असतात आणि तोंडाकडून उजेड येतो. कुटुमसर ही पाण्याने चुनखडी विरघळवून केलेली गुहा आहे. आतला अंधार इतका पूर्ण आहे की तिथल्या पाण्यात दृष्टिहीन मासे राहतात. पावसाळ्यात ती बंद असते. अशा गुहेत प्रत्येकाजवळ डोक्याला लावायची स्वतःची बॅटरी आणि शिवाय एक जास्तीची हवी, आणि प्रत्येक वळणावर थांबून मागे पाहायची सवय हवी, कारण परतताना तीच वाट वेगळी दिसते. ठिबकत्या पाण्यातल्या चुन्याने घडलेल्या, छतावरून लोंबणाऱ्या निक्षेपांना हात लावू नये. कातडीच्या तेलकटपणाने त्यांची वाढ खुंटते. मेघालयातल्या मावम्लूह गुहेत जमिनीवरून वर वाढलेल्या अशाच एका निक्षेपाच्या अभ्यासावरून, ४,२०० वर्षांपूर्वी सुरू झालेल्या भूवैज्ञानिक कालखंडाला २०१८ साली ‘मेघालयन’ हे नाव मिळाले. तो तुकडा कोणा पर्यटकाने आठवण म्हणून खिशात घातला असता तर?

त्याच वर्षी २३ जूनला थायलंडमधल्या थाम लुआंग गुहेत फुटबॉल संघातली बारा मुले आणि त्यांचे प्रशिक्षक अडकले. गुहा त्यांना अनोळखी नव्हती. तिथे जुलैपासून पूर येतो हेही सर्वश्रुत होते, पण पाऊस आधी कोसळला. शेवटची तुकडी बाहेर यायला १० जुलै उजाडला; हवेची नळकांडी पोचवून परतताना समान कुनान हा माजी नौसैनिक पाणबुड्या मृत्यू पावला. पाणी उपसण्याच्या कामात आपल्या किर्लोस्कर ब्रदर्सचे अभियंतेही होते. पण या सगळ्याच्या आधी, मुले आत आहेत हे कळायला मदत झाली ती तोंडाशी उभ्या असलेल्या त्यांच्या सायकलींची. तुमच्या सायकली तिथे असणार नाहीत; तुमची गाडी पाचनईत असेल आणि तुम्ही वर कुठेही असाल.

म्हणून पंधरा जणांची नावे, रक्तगट, घरचे फोन, रोजचा मार्ग आणि परतीची वेळ यांचा एक कागद पाचनईतल्या घरमालकाकडे ठेव, आणि एक मला पाठव. दुपारी किती वाजता, असाल तिथून मागे फिरायचे ते त्या कागदावर लिही आणि निघण्यापूर्वी सर्वांना वाचून दाखव. सर्वांत मागे कोण चालणार, त्याचे नाव तुझ्या यादीत मला कुठे दिसले नाही. ते ठरव आणि पुढच्या पत्रात कळव.

कळावे, लोभ असावा.