आधी पाय काढ

प्रिय मित्रा,

शनिवारी रात्री फोनवर तू विचारलंस, "काका, मोठी टायर्स टाकू की गाडीच बदलू?" मागून तुझ्या मित्रांचं हसणं ऐकू येत होतं, म्हणून मी विषय टाळला. आता लिहितो.

गाडी चांगली आहे. शारजाजवळ बदायरच्या वाळवंटातल्या लाल वाळूत पहिल्याच दिवशी तीनदा रुतलास, त्याचंही काही नाही. पण तिसऱ्या वेळचा व्हिडिओ मी दोनदा पाहिला. चाक जागच्या जागी फिरायला लागल्यावर तू अकरा सेकंद ऍक्सिलरेटर दाबून धरलास. अकरा! मोजले मी. दुसऱ्याच सेकंदाला पाय काढला असतास, तर आल्या चाकोरीतून रिव्हर्समध्ये अलगद बाहेर आला असतास. उरलेल्या नऊ सेकंदांत तू गाडीचं पोट वाळूवर टेकवलंस. पोट टेकलं की चाकं नुसती विहीर खणतात. मग मोठी टायर्स काय करणार? मोठी विहीर खणतील.

चाक फिरलं की पाय काढ. उतर. वाकून खाली बघ.

टायरची हवा तू नीट काढली होतीस, पस्तीसवरून पंधरा पीएसआयवर. टायर पसरतं, वाळूवर तरंगतं. फक्त त्या हवेवर झटक्यात वळू नकोस, टायर रिममधून सुटतं. ड्यून, म्हणजे वाळूचा डोंगर, सरळ चढायचा, सरळ उतरायचा, आडवं जायचं नाही, हे तुला सगळ्यांनी सांगितलंच असणार. पाय काढायला मात्र कोणी सांगत नाही, कारण सगळे "दे, दे, अजून दे" म्हणून ओरडत असतात.

मलाही ओरडत होते. 2009 साल, तेव्हा इथे सुट्टी शुक्रवारी असायची. आम्ही उशिरा निघालो, दुपारपर्यंत वाळू पिठासारखी झालेली. मी दाबत राहिलो. क्लचचा जळका वास आला तरी दाबत राहिलो, कारण बघणारे चार जण होते. शेवटी गाडी दारापर्यंत बसली. मग घाईघाईत दोर टोइंगच्या गोळ्याला, म्हणजे ट्रेलर जोडायच्या मागच्या गोळ्याला, अडकवला. माझ्याच हाताने. झटका बसला, गोळा तुटला आणि ओढणाऱ्या गाडीची मागची काच फोडून आत गेला. मागच्या सीटवर कोणी नव्हतं. एवढंच.

वेळेवर पाय काढला असता तर दोराची गरजच पडली नसती. हे मी सतरा वेळा सांगतो म्हणून ग्रुपमध्ये मला खडूस म्हणतात. म्हणोत. दोन वर्षांपूर्वी एकाने हवा काढायला नकार दिला, तेव्हा मी रस्त्यावरूनच परत फिरलो आणि सगळ्यांचा दिवस घालवला. त्यातले दोघे अजून बोलत नाहीत. माझं तेव्हा चुकलं असं मला आजही वाटत नाही. (बोलण्याची पद्धत चुकली असेल. बायको तसं म्हणते.)

तू गाडी विकायच्या गोष्टी करतोस, तेव्हा मला खरंच राग येतो. अकरा सेकंदांची खोड आहे, गाडी विकून ती जाणार आहे का?

येत्या शनिवारी पहाटे साडेपाचला निघू, दवाने वाळू घट्ट आहे तोवर. तुझी एक, माझी एक, अजून एक गाडी मी बघतो. दोनच गाड्या घेऊन मी वाळवंटात शिरत नाही. गोळा काढून घरी ठेव, दोर लावायचा तो चासीच्या हुकाला. आणि त्या व्हिडिओवाल्याला नक्की आण. फावडं मी त्याच्याच हातात देणार आहे.

तुझा,
काका