हाँगकाँगला जाण्याआधी कँटोनीज शिव्या माहीत असाव्यात का?

तुम्ही नोकरीसाठी हाँगकाँगला निघालाय आणि विचारताय, तिथल्या शिव्या शिकून जावं का, कुठल्या टाळाव्यात. मी तिथे राहिलोय. माझ्या मते कानाला सगळ्या ओळखीच्या असाव्यात, तोंडात एकही नको.

सगळ्यात जास्त कानावर पडेल 'दिऊ'. अर्थ संभोगाचा, पण स्वयंपाकघरात, बांधकामावर तो मालवणी माणसाच्या शिवीसारखा, वाक्य पुढे ढकलायला येतो. जरा सभ्य माणसं त्याचं 'यिऊ' करतात. पुढे आई जोडली की मात्र भांडण. 'पुक गाय' म्हणजे शब्दशः रस्त्यावर पालथा पड. थोडक्यात, मर जा. तरी कॉम्प्युटर बंद पडला की लोक स्वतःशीच तेच पुटपुटतात. 'छी सीन', म्हणजे डोक्यातल्या वायरी चिकटल्या, हे मित्रांत चालतं, साहेबापुढे नाही.

'हाम गा छान' मात्र कधीच नाही, थट्टेतही नाही. शेवटी 'छान' ऐकू येतं म्हणून फसू नका. अख्ख्या घराण्याचा निर्वंश होवो, असा तो शाप आहे. चिनी नववर्षात तर मरणाचा साधा उल्लेखही अशुभ मानतात. गंमत म्हणजे याचीच सोज्वळ आवृत्ती आहे, 'हाम गा फू ग्वाय': अख्खं घर श्रीमंत होवो! ऐकणाऱ्याला खरा अर्थ बरोबर कळतो.

तुम्हाला खरा धोका मात्र सुरांचा. 'हाय' म्हणजे हो, पण खालच्या सपाट सुरात. उत्साहात आवाज चढवून म्हणालात की ते बाईच्या अवयवाचं घाणेरडं नाव होतं. सात म्हणजे 'छात', त्याचं उलटं: सूर वरच हवा, खाली पडला की पुरुषाचा अवयव. मजल्याचा नंबर सांगताना बोटं दाखवा, कुणी हसत नाही.

आणि एक शब्द आपल्यासाठीच आहे: 'आ छा'. भारतीय-पाकिस्तानी माणसाला हिणवायचा. त्याच्या जोडीचा जुना 'मो लो' तर रस्त्याच्या नावातही आहे. इंग्रजी पाटीवर अप्पर लास्कर रो लिहिलंय, चिनी नावात मो लो. म्हातारा भाजीवाला सवयीने 'आ छा' म्हणाला तर मी सोडून देतो. ऑफिसात कुणी म्हणालं तर तिथल्या तिथे टोका. 2009 पासून वंशभेदविरोधी कायदा लागू आहे आणि तो कामाच्या जागेलाही लागतो.