काम आणि आराम करायच्या वेगळ्या पद्धतींवर शॉर्ट फिल्म करायची आहे. माझं घर नागपुरात आहे, पण 'पर्यायी' काम करणारे लोक इथं सापडत नाहीत. नोकरी सोडून गावी गेलेल्या लोकांवर करू का? आधी काय पाहू? कॅमेरा कोणता घेऊ?

नोकरी सोडून गावी गेलेल्यांवर करू नका. तशा फिल्म भरपूर झाल्यात आणि सगळ्यांत तेच असतं, लॅपटॉप बंद होतो, मग डोंगर, मग मातीत हात, मग वरून ड्रोन. त्या माणसाकडे सोडायला नोकरी होती, बँकेत पैसे होते, म्हणून त्याचा आराम बघण्यासारखा झाला. तुम्ही लिहिलंय की नागपुरात राहता आणि 'पर्यायी' काम करणारे लोक सापडून नाही राहिले. बाप्पा, सकाळी सात वाजता कुठल्याही ठिय्यावर, म्हणजे रोजंदारीची माणसं काम मिळायची वाट बघतात तिथं, जाऊन उभे राहा ना. नऊ ते सहाच्या बाहेर दिवस काढणारीच माणसं या शहरात जास्त आहेत, फक्त त्यांना कोणी पर्यायी म्हणत नाही.

मी हे इतकं ठासून सांगते कारण मी अशाच माणसावर एक फिल्म केली आहे आणि तिच्यावरून आमच्या घरात अजून भांडण होतं.

माझे बाबा कूलरचं काम करतात. मार्चपासून सुरू होतं. कूलरच्या बाजूंना गवताच्या ताट्या असतात, जुन्या ताट्यांमधलं काळं पडलेलं गवत काढायचं, नवीन भरायचं, कोणाला गवताऐवजी वाळा पाहिजे असतो, पंप बघायचा, टाकी गळत असेल तर ती बुजवायची. मे महिन्यात पारा ४५च्या वर गेला की दिवसभर फोन वाजतो. ते पहाटे पाचला निघतात, अकराच्या आत घरी येतात, जेवतात, चारपर्यंत झोपतात आणि मग चारपासून रात्री नऊ-दहापर्यंत परत काम. मृग लागला की हे काम संपलं, मग दिवाळीच्या आधी घरांचे रंग आणि लग्नसराईत डेकोरेशनवाल्याकडे लायटिंग. ही त्यांची पद्धत आहे, कोणी शिकवलेली नाही, उन्हानं घालून दिलेली आहे. माझे आजोबा एम्प्रेस मिलमध्ये होते, १८७७ ची मिल, टाटांची, आता तिथे मॉल आहे. त्यांचा सगळा दिवस भोंग्यावर चालायचा. बाबांनी भोंगा नको म्हणूनच हे काम धरलं, असं ते स्वतः सांगतात.

तर मी बाबांची दुपार शूट केली. बोळीत कडुनिंब आहे, त्याखाली बाज टाकून ते झोपतात. मी फोन स्टँडवर लावला आणि कुठंच कट केला नाही. सावली सरकते, ऊन पायापर्यंत येतं, बाबा अर्धवट उठतात, बाज ओढतात, परत झोपतात. मागून आई दोन-चारदा जाते, गच्चीवर मुंगवड्या घातलेल्या असतात त्या बघायला, एकदा हंडा घेऊन, एकदा रिकाम्या हातानं. ती कुठंच टेकत नाही. हे मी मुद्दाम फ्रेममध्ये ठेवलं होतं, बाज थोडी डावीकडे घेऊन.

एका कॉलेजच्या फेस्टिवलला पाठवली. परीक्षक म्हणाले, फिल्ममध्ये काहीच घडत नाही आणि आळसाला प्रोत्साहन मिळतं. आई त्यांना दिसलीच नाही. मी विचारलं की मागून जाणारी बाई पाहिली का, तर म्हणाले कोण बाई.

ते जाऊ द्या, परक्या माणसाचं काय एवढं. दादाचं मात्र मला सहन झालं नाही. दादा अमेरिकेच्या वेळेवर काम करतो, घरूनच, संध्याकाळी सातला कामाला बसतो आणि पहाटे कामावरून उठतो, मग दुपारपर्यंत झोपतो. पुढच्या खोलीत काळे पडदे लावलेत, घरातला कूलर त्याच्याच खोलीत आहे, आणि तो झोपला की आई आम्हाला कुकरसुद्धा लावू देत नाही. त्या झोपेला आमच्या घरात नाव आहे, 'दादाची शिफ्ट'. आणि हाच माणूस मला म्हणतो की बाबांना आळशी दाखवलंस, झोप काढून टाक, ते घाम गाळताना दाखव, लोक काय म्हणतील, पोराच्या खोलीत कूलर आणि बाप बाहेर. मी म्हटलं, दोघं एकाच वेळी झोपून राहिलेत, दोघांचं काम दिवसाच्या टोकांना आहे, मग तुझी झोप ही शिफ्ट आणि बाबांची झोप हा आळस काहून? पगाराची स्लिप येते म्हणून? त्यावर त्याचं उत्तर नाही, आजही नाही. आणि बाबा बाहेर झोपतात ते त्यांच्या मर्जीनं, गिऱ्हाईक आलं तर बोळीतूनच हाक ऐकू येते म्हणून. मी कट केला नाही आणि करणारही नाही.

ती फिल्म आम्ही नंतर बोळीतच पांढऱ्या चादरीवर दाखवली. बाबांच्या ओळखीचे कूलरवाले, रंगवाले आले होते. बाज ओढली तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, 'आता दोन वाजले असतील.' बरोबर दोनच वाजले होते. माझ्यासाठी परीक्षण ते.

तर काय पाहायचं. १८९५ ची ल्युमिएर बंधूंची, कारखान्यातून कामगार बाहेर पडतात ती, एक मिनिटसुद्धा नाही, फ्रान्समधल्या लियाँ शहरातली. सिनेमाच्या अगदी सुरुवातीच्या फिल्मपैकी आणि तिच्यात काम नाहीच, सुट्टी झाल्यावरची माणसं आहेत. पण गेटबाहेर गेल्यावर ती कुठं जातात हे ती दाखवत नाही, तुमची फिल्म तिथून सुरू करा. मग हारून फारोकी हे जर्मन फिल्मकार आणि आंत्ये एहमान यांनी २०११ पासून जगातल्या वेगवेगळ्या शहरांत वर्कशॉप घेऊन करून घेतलेल्या छोट्या फिल्म बघा, त्यात बंगळुरूही आहे. विषय काम, लांबी एक ते दोन मिनिटं, शॉट एकच, कट नाही. हा नियम तुम्ही आरामासाठी वापरा. कट मारला की झोप ही दोन कामांच्या मधली रिकामी जागा वाटते, आणि तेच तर आपल्याला खोडायचं आहे.

आराम आपोआप मिळालेला नसतो हेही डोक्यात ठेवा. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली, कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यासाठी काही वर्षं झगडा केला. आणि दुकानात दिवसभर उभ्या राहणाऱ्या सेल्सगर्लना बसायला मिळावं म्हणून केरळला २०१८ मध्ये कायदा बदलावा लागला, तमिळनाडूला २०२१ मध्ये. बसण्यासाठी कायदा! सीताबर्डीच्या बाजारात एखाद्या साडीच्या दुकानात जाऊन बघा, गिऱ्हाईक नसताना त्या मुली कुठं टेकतात. एका मुलीवर, दुकान उघडण्यापासून बंद होईपर्यंत ती कधी बसली एवढ्यावरच फिल्म होते. मालक परवानगी देणार नाही बहुतेक, मग ती घरी पोचल्यावरची पहिली दहा मिनिटं घ्या.

झोपलेल्या माणसाला विचारल्याशिवाय शूट करू नका. आधी विचारायचं आणि झाल्यावर त्यालाच पहिल्यांदा दाखवायचं. बाबांनी पाहिली, म्हणाले राहू दे. दादाला हेही पटत नाही, पण झोप बाबांची आहे, परवानगी त्यांची चालते.

आता माझ्या म्हणण्याला मर्यादा आहे तीही सांगते. बाबा स्वतःच्या मर्जीचे मालक आहेत म्हणून त्यांना पाच तासांची दुपार मिळते. ठेकेदाराकडच्या बांधकाम मजुराला ती मिळत नाही, उन्हाच्या सूचना पेपरात येतात पण स्लॅब टाकायचा असेल तर तो टाकावाच लागतो. डिलिव्हरीवाली पोरं उड्डाणपुलाखाली गाडीवर आडवी होतात, हातात फोन, कारण ॲप बंद केलं की ऑर्डर गेली. त्यांची दुपार आणि बाबांची दुपार एकच आहे असं दाखवाल तर ते खोटं होईल. आणि जूनमध्ये पाऊस लवकर आला तर आमच्याकडे उधारी होते, ती फिल्ममध्ये येत नाही.

कॅमेरा म्हणाल तर फोन पुरे आहे. फक्त मे महिन्यात उन्हात ठेवू नका, गरम होऊन बंद पडतो, सावलीत ठेवा आणि एअरप्लेन मोड लावा. पैसे असतील तर माइक घ्या. कूलरचा आवाज येतो म्हणून कूलर बंद करू नका, तो आवाज राहू द्या, बोलणं वेगळं रेकॉर्ड करा.