एचडीएफसी लिमिटेड बँकेत विलीन झाली, मग आमचं खरेदीखत कुणाकडे?

भाऊ, तुमचा प्रश्न असा : अमळनेरच्या घरावर वडिलांनी २००६ साली एचडीएफसी लिमिटेडकडून कर्ज घेतलं, आता पत्रं एचडीएफसी बँकेच्या नावाने येतात. करार केलेली कंपनीच उरली नाही, तर खरेदीखत मागायचं कुणाकडे? बँकेकडेच. घाबरू नका. भुसावळला वीस वर्षं गृहकर्जाच्या फायली केल्यात, म्हणून सविस्तर लिहितो.

ही कंपनी १९७७ ची. आयसीआयसीआयमधून निवृत्त झालेल्या हसमुखभाई पारेखांनी वयाच्या ६६ व्या वर्षी ती काढली. तेव्हा पगारदार माणूस घर बांधायचा तो बहुधा फंडातून पैसे उचलून, बायकोचे दागिने मोडून, निवृत्तीच्या उंबरठ्यावर. घरासाठी लांब मुदतीचं कर्ज देणारी खासगी संस्था ही कल्पनाच नवी होती. हसमुखभाईंबद्दल मला मनापासून आदर आहे. बँक निघाली १९९४ मध्ये, याच कंपनीच्या पुढाकाराने. जवळपास तीस वर्षं दोघी वेगळ्या राहिल्या, बँकेच्या शाखेत विकलं जाणारं गृहकर्जही कंपनीचंच असायचं. विलीनीकरण जाहीर झालं ४ एप्रिल २०२२ ला, अमलात आलं १ जुलै २०२३ ला. भागधारकांना २५ शेअरमागे बँकेचे ४२ मिळाले.

तुमच्या गावात वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्सचे जुने शेअर जपलेली घरं आहेत. तिथे कंपनी तीच राहिली, नाव बदलून विप्रो झालं. इथे कंपनीच संपली, पण तिचं येणं-देणं, करार, गहाण ठेवलेली कागदपत्रं कायद्याने बँकेकडे गेली. नवा करार करावा लागत नाही.

खरी अडचण कर्ज फिटल्यावर येते. रावेरच्या एका मावशींनी कर्ज फेडलं, खरेदीखत आणून कपाटात ठेवलं. चार वर्षांनी घर विकायला काढलं तर उताऱ्यावर बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, तसाच, तोही जुन्या कंपनीच्या नावाने. घेणाऱ्याच्या वकिलाने व्यवहार थांबवला. तीन महिने गेले, मावशींचा जीव टांगणीला.

म्हणून शेवटचा हप्ता गेला की मूळ खरेदीखत, कर्ज फिटल्याचा दाखला आणि बोजा उतरवण्याचं पत्र, तिन्ही एकाच वेळी मागा. कर्ज घेताना कागद जमा केल्याची यादी मिळालेली असते, ती समोर ठेवून एकेक पान जुळवून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ डिसेंबर २०२३ पासून पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत कागदपत्रं परत द्यावी लागतात, बोजाच्या नोंदीही काढाव्या लागतात. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. घर सिटी सर्व्हेत असेल तर पत्र भूमी अभिलेख कार्यालयात द्या, सातबारा असेल तर तलाठ्याकडे, आणि नवा उतारा हातात येईपर्यंत पाठ सोडू नका.

वडिलांच्या फाईलमध्ये ती यादी आहे का, बघून कळवा.