आधी कारागीर, मग घड्याळ

प्रिय बेटा,

तुझे सगळे फोटो पाहिले आणि ती लिस्ट पण. आजोबांचं चाबीचं घड्याळ, ती एचएमटी जनता, हातात आली काय आणि महिनाभरात तुला एचएमटीचंच पायलट पाहिजे, सेको फाइव्ह पाहिजे, एखादं जुनं फावर-ल्यूबा पाहिजे, शिवाय ते गुलाबी डायलवालं काहीतरी ज्याची लिंक तू पुन्हापुन्हा पाठवतेयस. होतं असं, या नादात सगळ्यांचंच होतं. पण तू मला विचारलंयस म्हणून स्पष्ट सांगतो, यातलं आत्ता काहीच घेऊ नको. पहिले कारागीर शोध, घड्याळं नंतर.

तू म्हणशील काका काय हे, घड्याळ तर चालतंय, मग कारागीर कशाला. तर तेच सांगायचंय. चाबीचं घड्याळ बिघडतं तेव्हा बंद पडेलच असं नाही, ते बरेच दिवस चालता चालता आतून खराब होत राहतं. आत जे तेल असतं ते चार-पाच वर्षांत सुकायला लागतं, चिकट होतं, मग चाकांचे पिव्हट, म्हणजे आसांची बारीक टोकं, कोरडे घासतात आणि त्या घासण्याची बारीक पूड त्याच तेलात मिसळून अजून घासते. बाहेरून बघावं तर टिकटिक मस्त चालू, दिवसाला दोन-चार मिनिटं मागे पडतंय इतकंच, आणि आपण म्हणतो जुनं आहे, चालायचंच. जनताचा बॅलन्स, म्हणजे आतलं ते मागे-पुढे डोलणारं चाक, तासाला 18,000 ठोके देतो, म्हणजे सेकंदाला पाच, दिवस-रात्र, आता हे कोरड्यावर चालवून बघ. म्हणून ऑनलाइन विकणारा ‘वर्किंग कंडिशन’ लिहितो ना, त्याचा अर्थ एवढाच की फोटो काढला तेव्हा काटे फिरत होते.

आता कारागीर कुठे मिळणार. मॉलमधल्या शोरूममध्ये नाही, तिथे सेल बदलतात, पट्टा बदलतात आणि बाकी सगळं कंपनीत पाठवतात. आपल्या इंदूरच्या राजवाड्याच्या आसपासच्या गल्ल्यांमध्ये जा, सराफ्याच्या बाजूला, जिथे दोन दुकानांच्या मध्ये जेमतेम एक माणूस बसेल एवढ्या जागेत काचेची पेटी, दिवा आणि डोळ्याला लूप, म्हणजे भिंग लावलेला कोणी चाचा बसलेला असतो, गांधी हॉलला अजून घंटाघरच म्हणणाऱ्या पिढीतला. असे आता कमी राहिलेत. त्यांच्या मुलांनी मोबाइलची दुकानं टाकली, त्यात मुलांची काही चूक नाही म्हणा, एक घड्याळ पूर्ण खोलून लावायला अर्धा दिवस जातो आणि गिऱ्हाईक पैसे द्यायच्या वेळी घासाघीस करतं. तू करू नको. या शौकात मी घासाघीस फक्त घड्याळ विकणाऱ्याशी करतो, दुरुस्त करणाऱ्याशी कधीच नाही.

पहिल्याच दिवशी आजोबांचं घड्याळ काढून समोर ठेवू नको. पट्टा बदलायचं काम घेऊन जा, एखाद्या क्वार्ट्झचा सेल टाकून घे, आणि गर्दी नसेल तर उभी राहून त्याचे हात बघ. चांगला माणूस मागचं झाकण उघडल्यावर सगळ्यात आधी कमानीतला, म्हणजे चाबीने भरते त्या मोठ्या स्प्रिंगमधला जोर उतरवतो, चाबी बोटांत धरून खटका बाजूला करतो आणि हळूहळू सैल सोडतो. जो हे न करता सरळ स्क्रू खोलायला लागतो त्याच्याकडून उठून ये. मग तो बॅलन्स काढतो, बाल-कमानीसकट, ती केसासारखी बारीक स्प्रिंग वरच्या पुलाला, म्हणजे धातूच्या पट्टीला, लटकत असते आणि तो तिला अजिबात हिसका न देता उलटी करून झाकणीखाली ठेवतो. प्रत्येक स्क्रू ओळीने. चाकं पेट्रोलमध्ये ब्रशने धुतात, ज्वेलची, म्हणजे पिव्हट ज्यात फिरतात त्या बारीक खड्यांची, भोकं टोक काढलेल्या काडीने साफ करतात, काडी काळी निघाली की नवीन टोक, पांढरी निघेपर्यंत. आणि तेल सुईच्या टोकावर उचलतात, प्रत्येक ज्वेलला टिपूसभर. जास्त तेल म्हणजे जास्त चांगलं असं बिलकुल नसतं, जास्त झालं की ते पसरतं आणि जिथे पाहिजे तिथूनच निघून जातं. पॅलेटच्या, म्हणजे चाकाला ठोक्याठोक्याला अडवून सोडणाऱ्या त्या छोट्या तरफेच्या, पिव्हटला तर तेल लावतच नाहीत. हा प्रश्न तू सहज विचारून बघ, चाचा, पॅलेट को तेल देते क्या? जो हसून म्हणेल ‘कौन सिखा के भेजा तेरे को’, तो आपला माणूस.

एक प्रकार मात्र जपून. काही ठिकाणी मशीन न खोलताच अख्खं पेट्रोलमध्ये बुडवून, झटकून, वरून तेल सोडून संध्याकाळी परत देतात आणि सर्व्हिसिंगचे पैसे घेतात. घड्याळ दोन महिने झकास चालतं, कारण जुना चिकटपणा थोडा सुटलेला असतो, मग परत तेच. त्यामुळे आधीच विचारायचं, पूरा खोलोगे ना? आणि दोन दिवस लागतील म्हणाला तर खूश हो.

कारागीर मिळाला की घड्याळ कुठलं घ्यायचं हा प्रश्न अर्धा तिथेच सुटतो, कारण तो जे दुरुस्त करू शकतो, ज्याचे पार्ट त्याच्या डब्यांमध्ये पडलेत, तेच तुझं घड्याळ. आणि इथे एचएमटीला तोड नाही, हे मी भावनेने नाही बोलत. 1961 मध्ये बंगळूरला जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने हा कारखाना सुरू झाला, मशीनचं डिझाइनही तिथलंच, साधं, दणकट, 17 ज्वेलचं, आणि इतक्या प्रचंड संख्येने बनलं की आजही एका घड्याळाच्या दुरुस्तीला दुसरं भंगारातलं घड्याळ सहज मिळतं. 2016 मध्ये सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायचा निर्णय घेतला तेव्हा लोकांनी अचानक भाव चढवले, ते वेगळं. जनता, पायलट, सोना, कोहिनूर, आणि लग्नात जावयाला द्यायची ती कांचन ऑटोमॅटिक, हे सगळं आपल्याकडचे कारागीर डोळे झाकून उघडतात. फावर-ल्यूबा सुंदर असतात, भारतात विकल्यापण खूप गेल्या, पण त्यांचा एखादा पार्ट तुटला की तो शोधत फिरावं लागतं. ते तिसरं-चौथं घड्याळ म्हणून ठीक, दुसरं म्हणून नको. जुन्या सेको फाइव्ह पण चांगल्या, फक्त त्यातल्या बऱ्याच मशिनींना, 7009 म्हण किंवा 7एस26 म्हण, चाबी देताच येत नाही, हातात घालून हलवल्यावरच भरतात, त्यामुळे चाबी फिरवून बंद आहे बंद आहे करत बसू नको.

आता तुझं ते गुलाबी डायल. ते रिडायल आहे, हे मी फोटोवरूनच सांगतो. जुनं मशीन खरं असतं, केस, म्हणजे घड्याळाची बाहेरची धातूची खोळ, घासून चमकवलेली, डायल कुठेतरी नव्याने छापलेला, परदेशातले लोक यांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात आणि ते कौतुकाने नाही म्हणत. ओळखायचं कसं, तर डायलवरची अक्षरं बघ, मोबाइलवर झूम करून बघ, कंपनीने छापलेली अक्षरं बारीक आणि कडक असतात, रिडायलवर ती जाडी-भरडी, कडा फुटलेल्या, ‘17 ज्वेल्स’ थोडं तिरकं गेलेलं. मिनिटांच्या रेघा आणि तासाचे आकडे एका ओळीत येतायत का बघ. चाळीस-पन्नास वर्षं जुनं घड्याळ आणि डायल काल छापल्यासारखा पांढराशुभ्र, असं असेल तर प्रश्न विचार. मागचं झाकण उघडलेला फोटो माग, मशीनवर कंपनीचं नाव असतं, विकणारा तो फोटो द्यायला टाळाटाळ करत असेल तर सोड. पायलटमध्ये हा धंदा सगळ्यात जास्त आहे कारण मागणी जास्त आहे, आणि देवनागरी आकड्यांच्या जनतामध्ये पण. आता कोणी म्हणेल मला रंग आवडला, मला काय करायचंय खरं-खोटं, तर घालू दे बापडा, रिडायल घालणं हा काही गुन्हा नाही. फक्त रिडायलचे पैसे दे, ओरिजिनलचे देऊ नको.

मला स्वतःला डाग पडलेला, किंचित पिवळट झालेला ओरिजिनल डायलच आवडतो. कोणाच्या तरी मनगटावर ऊन-पाऊस खाऊन आलेला.

हां, एक गोष्ट मजेत घेऊ नको. 1960 च्या आसपासच्या आणि त्याआधीच्या काही घड्याळांच्या काट्यांवर आणि आकड्यांवर रेडियम असायचं, अंधारात चमकायला. आता ते चमकत नाही म्हणजे संपलं असं समजू नको, चमकवणारी पावडर थकली, रेडियम तसंच आहे, त्याचं अर्धं आयुष्यच 1,600 वर्षांचं. असं घड्याळ घरी उघडायचं नाही आणि ती पूड खरवडायची तर अजिबात नाही.

रोजची काळजी तशी फार नाही. चाबी रोज साधारण एकाच वेळी दे, सकाळी चहाच्या वेळी वगैरे, घड्याळ हातातून काढून दे, हातात असताना दिली की दांडीवर तिरका जोर येतो. अडली की थांब. लोक म्हणतात जास्त चाबी दिल्याने घड्याळ बिघडलं, जास्त चाबी असं काही नसतं, पूर्ण भरली की ती स्वतःच अडते, त्यापुढे तू बळ लावलंस तर तोडतेयस. तारीखवालं घड्याळ असेल तर रात्री नऊ ते पहाटे तीनच्या मध्ये तारीख हाताने बदलायची नाही, त्या वेळात आतलं तारखेचं चाक आधीच पकडीत आलेलं असतं, दात तुटतो. आणि घड्याळ अचानक दिवसाला पाच-दहा मिनिटं पुढे पळायला लागलं तर घाबरू नको, बहुतेक वेळा त्याला चुंबक लागलेलं असतं. इअरबडचा डबा, मोबाइलचा स्पीकर, पर्सचं चुंबकवालं बटण, यांच्या शेजारी तू रात्रभर ठेवलं असणार. बाल-कमानीचे वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग जणू आखूड होते आणि ठोके जलद पडतात. कारागिराकडे डीमॅग्नेटायझर असतो, मिनिटाचं काम, त्यासाठी कोणी पूर्ण सर्व्हिसिंग गळ्यात मारत असेल तर घेऊ नको.

पाण्याचं एकच, जुन्या घड्याळाच्या पाठीवर काहीही लिहिलेलं असू दे, ते पाण्यात जात नाही. रबरी रिंग कधीच कडक झालेली असते. पावसाळ्यात काचेच्या आतून वाफ दिसली तर उन्हात ठेवून ‘सुकवू’ नको, त्याच दिवशी उघडून घे, गंज एका रात्रीत बसतो. आणि रंगपंचमीच्या गेरला, त्या रंगांच्या मिरवणुकीला, घड्याळ घरी. हे मी तुला वेगळं सांगायला नको पण सांगतो, कारण टँकरचं पाणी आणि गुलाल एकत्र चाबीच्या फटीतून आत गेल्यावर काय होतं ते चाचाला विचार, दरवर्षी त्याच्याकडे ही अशी घड्याळं येतात. क्वार्ट्झ घड्याळ कपाटात ठेवणार असशील तर सेल काढून ठेव, संपलेला सेल गळतो आणि सर्किट खातो.

घरी तू काय करू शकतेस, तर पट्टा बदल, प्लॅस्टिकच्या काचेवरचे चरे ब्रासोने किंवा टूथपेस्टने हळूहळू घासून काढ, निघतात. खरी काच असेल तर नाही निघणार, ती बदलायची. यूट्यूब बघून मशीन खोलायचा मोह होईल. कर, पण भंगारात मिळालेल्या बंद घड्याळावर, आणि सगळ्यात आधी बाल-कमानी वाकडी होणार हे गृहीत धरून.

आता आजोबांची जनता. ती मात्र कारागिराला देताना तीन गोष्टी आधीच बोलून घे. पॉलिश नको. त्या केसच्या कडा आजोबांच्या हातावर झिजल्यात, बफवर धरल्या की त्या गोल गुळगुळीत होतील आणि क्रोम निघून खालचं पितळ दिसायला लागेल. डायलला हात नको, फुंकर पण नको. आणि जो पार्ट बदलला, चाबी असो काच असो, तो जुना पार्ट कागदात बांधून परत पाहिजे. झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने कोरलेले बारीक आकडे दिसतील, ते आधीच्या कारागिरांनी केलेल्या सर्व्हिसिंगच्या खुणा असतात, त्याचा फोटो काढून ठेव, घरात कोणाला तरी आठवेल ते घड्याळ कधी कुठे दिलं होतं. तू पण एका वहीत तारीख, काम आणि किती पैसे दिले ते लिहीत जा, पुढच्या वेळी ‘अभी तो किया था’ वरून वाद होत नाही.

माझ्या ओळखीच्या चाचांकडे घेऊन जाईन तुला, पण रविवारी ते बसत नाहीत, शनिवारी दुपारी चारनंतर जाऊ. सकाळी त्यांच्याकडे उजेड चांगला असतो, तेव्हा ते कामात असतात आणि कोणाशी बोलत नाहीत. सुटे पैसे आण, ते फोनवरून पैसे घेत नाहीत. आणि ती गुलाबी लिंक त्यांना दाखवू नको.

तुझा,
काका